चाळीस मिनिटं बोलणारा कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसात कूलर एकच होता आणि तो कॉम्प्युटरला लावलेला होता.

“पुंडलिकभाऊ, घडीभर त्याचं तोंड इकडे फिरवा ना,” मी त्या दिवशी सकाळीच म्हटलं होतं.

“नाही जमत, बाई.” आमचे शिपाई पुंडलिकभाऊ बादलीतलं पाणी कूलरच्या टाकीत ओतत होते. “साहेबाचा आर्डर हाये. माणूस गरम झाला तं त्याले घाम येते. कॉम्प्युटर गरम झाला तं थो बंदच पडते म्हणतात.”

“मग मी बंद पडले तर?”

“तुमी कायच्या बंद पडता!” ते हसले आणि रिकामी बादली वाजवत निघून गेले.

दोन हजार तीन सालचा मे महिना होता. वऱ्हाडातलं जिल्ह्याचं गाव, पत्र्याचं छप्पर, आणि आमचं ऑफिस म्हणजे पाणीटंचाई कक्ष. कोणत्या गावाला उद्या टँकर जाणार, किती खेपा टाकणार, कोणता ड्रायव्हर नेणार, याची यादी रोज आमच्याकडे तयार व्हायची. संध्याकाळी पाचला ड्रायव्हर आवारात जमायचे. साहेबांच्या सहीची छापील यादी त्यांच्या हातात पडायची, आणि ती दाखवल्याशिवाय भरणा केंद्रावर टँकरला पाण्याचा थेंब मिळायचा नाही.

माझं नाव सुलोचना इंगोले. हसायचं असेल तर हसून घ्या, मी मनावर घेत नाही. नाव ठेवलं तेव्हा मला दिसत होतं. दोन वर्षांची असताना गोवर आला आणि डोळे घेऊन गेला, नाव तेवढं माझ्याकडे राहिलं.

मी टेलिफोनच्या बोर्डावर होते. घंटी वाजली की बटण दाबायचं, कोण बोलतंय, कोणाशी बोलायचंय ते विचारायचं, जोडून द्यायचं आणि दुसरं बटण दाबून मधून बाजूला व्हायचं. हे बाजूला होणं सगळ्यात महत्त्वाचं. मला काम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन माणसांचं बोलणं ऑपरेटरने ऐकणं म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरणं. सात वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, आणि त्या दिवसांत अभिमान वाटावा असं माझ्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

कारण एक जूनला माझा बोर्ड निघणार होता. त्या जागी आपोआप फोन जोडणारं यंत्र येणार होतं. ते ऐकल्या ऐकल्या मी बडे बाबूंकडे गेले होते. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, गुलाबराव बोंडे. पस्तीस वर्षं नोकरी झालेला, आवाजाने भारदस्त आणि मनाने मऊ माणूस.

“मला कॉम्प्युटरवर बसवा,” मी म्हटलं.

मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

“सुलोचनाबाई, राग नका मानू. त्याच्यात तं सारं पाहाचंच काम हाये. तुमाले दिसत नाही, अन् कॉम्प्युटर म्हणजे दुसरं काय? टीव्हीच.”

“मला येतो कॉम्प्युटर. नागपूरला तीन महिने शिकले मी.”

“शिकल्या असान. पण मी साहेबाले काय सांगू? आंधळ्या बाईले टीव्हीसमोर बसोतो म्हणू?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “कायले चिंता करता? नोकरी जात नाही तुमची. एक खुर्ची देतो खिडकीजवळ. बसून पगार घ्या. निवांत.”

त्यांच्या दृष्टीने ते माझ्यावर उपकारच करत होते. मी घरी गेले आणि जेवले नाही. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते मी. पुढची तीस वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत निवांत बसायचं होतं.

एक गोष्ट मात्र बडे बाबूंना ठाऊक नव्हती. आमचा कॉम्प्युटर चालवायचा फिरोज, परतवाड्याचा. जेवणाच्या सुट्टीत तो गाणी ऐकायचा म्हणून त्याने घरून दोन छोटे स्पीकर आणून लावले होते. नागपूरहून मिळालेली सीडी मी त्याच्याकडून गुपचूप त्या कॉम्प्युटरवर चढवून घेतली होती. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम होता तो. विकत घेण्याची ऐपत ना माझी होती ना ऑफिसची, म्हणून ही नमुन्याची सीडी. ती चाळीस मिनिटं बोलायची आणि मग मुकी व्हायची. पुन्हा बोलतं करायचं तर कॉम्प्युटर बंद करून चालू करावा लागायचा. बडे बाबू डबा खाऊन डुलकी काढायचे तेवढ्या वेळात मी फिरोजच्या खुर्चीत बसायचे, आणि उठताना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करून ठेवायचे. महिनाभरात इंग्रजी अक्षरांतल्या आमच्या यादीचा रकाना अन् रकाना मला बोटांनी ठाऊक झाला होता.

“ताई, तुम्ही माऊसला हातच लावत नाही,” फिरोज एकदा म्हणाला होता.

“त्याला हात लावून मला काय दिसणार आहे? मला कीबोर्डच्या किल्ल्या पुरतात.”

तर त्या दिवशी दुपारी धामण्याच्या सरपंच कौसल्याबाईंचा फोन आला. त्या आठवड्यातला चौथा.

“बाई, आमची यक विहीर होती थेबी आटली परवा. गाळ काढून गाळून पेऊन राह्यलो. तुमच्या साहेबाले मी आता काय भाषेत सांगू?”

“जोडून देते, कौसल्याबाई. आज साहेबांपुढे कागद आहे तुमचा.”

जोडून दिलं आणि बाजूला झाले. साहेब पावणेचारला कलेक्टर ऑफिसच्या बैठकीला निघाले आणि जाता जाता त्यांनी कागद बडे बाबूंच्या टेबलावर टाकला. धामणा, उद्यापासून रोज दोन खेपा, मंजूर, असं बडे बाबूंनी मोठ्याने वाचलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सात वर्षं मी लोकांची तहान एका कानाने ऐकून दुसऱ्याच्या कानात ओतत होते, त्यातली एक तरी भागणार होती.

बडे बाबू कागद घेऊन फिरोजकडे गेले. त्याच वेळी पुंडलिकभाऊ कूलर भरायला आले. बादली कूलरला धडकल्याचा आवाज आला, मग पाणी सांडल्याचा, आणि मागोमाग चर्र.

“गेला!” फिरोज ओरडला. “स्क्रीन गेला! पुंडलिकभाऊ, क्या किया आपने?”

“म्या काय केलं? थेंबभर पाणी उडालं!”

थेंबभर कसलं! महिनाभर कूलर त्या कॉम्प्युटरच्या पाठीवर तुषार मारत होता. मॉनिटरची वायर जिथे खोचतात ती जागा आधीच गंजून हिरवी झाली होती, हे पुढे दुरुस्तीवाल्याने सांगितलं. आज तिच्यावर बादलीच उपडी झाली. साऱ्या जिल्ह्याला पाणी पाठवणारं आमचं ऑफिस पाण्यानेच बुडालं.

आधी त्यांनी कूलर बंद केला. मग साहेबांच्या केबिनमधला मॉनिटर उचलून आणला आणि जोडला. तोही काळाच.

“म्हणजे कॉम्प्युटरच जळला,” बडे बाबू म्हणाले. “यादी निघत नाही काय आता?”

“बडे बाबू, जेवणानंतर अकरा गावांचे बदल टाकले मी.” फिरोजचा आवाज रडवेला झाला होता. “सेव्ह नाही केले. आज लाइट एकदाही गेली नाही, मी विसरून गेलो.”

“अन् धामणा?”

“तो तर टाकायचाच राहिला.”

बडे बाबूंनी मोठा श्वास सोडला. “मंग आता कालच्याच यादीवर सही घेऊ साहेबाची. दुसरं काय करतो? हातानं लिहाचं रजिस्टर तं तुमी कॉम्प्युटरवाल्यायनंच बंद कराले लावलं. या बारा गावायचं पाहू उद्या. थो बंद करून चालू करून पाह्य एक खेप.”

बारा गावं आणखी एक दिवस कोरडी. कौसल्याबाई आणखी एक दिवस गाळलेला गाळ पिणार. मला ते सहन होईना, आणि त्याच क्षणी फिरोजने वैतागून कोणतीतरी किल्ली दाबली. स्पीकरमधून बारीकसा आवाज आला. टुंग.

मेलेला कॉम्प्युटर टुंग करत नाही.

“हात लावू नका!” मी ओरडले.

मी ऑफिसात कधी आवाज चढवला नव्हता. बडे बाबूंचा हात बटणाकडे निघाला होता आणि तिथेच थांबला, असं फिरोजने मला नंतर सांगितलं.

“बंद केलात तर अकराच्या अकरा गावं पुसली जातील. कॉम्प्युटर चालू आहे. त्याचं फक्त तोंड दिसत नाहीये तुम्हाला.” मी कानावरचा हेडफोन काढला आणि टेबलं मोजत तिकडे गेले. “फिरोज, ऊठ. पुंडलिकभाऊ, तुम्ही माझ्या बोर्डावर बसा. फोन आला तर म्हणा, बाई कामात आहेत.”

“बाई,” बडे बाबू म्हणाले, “काही दिसून नाही राह्यलं त्याच्यावर.”

“मला कधी दिसलं होतं, बडे बाबू?”

मी बसले. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्या कूलरसमोर उघडपणे बसले होते आणि तो नेमका बंद होता. तीन किल्ल्या एकदम दाबल्या. दोन क्षण काहीच झालं नाही. मग स्पीकरमधून तो ओळखीचा सर्दी झालेला अमेरिकन माणूस बोलायला लागला.

“या बाप्पा!” पुंडलिकभाऊ बोर्डावरून म्हणाले. “हा कोन हाये?”

“हा चाळीस मिनिटांचा पाहुणा आहे,” मी म्हटलं. “किती वाजले?”

“चार वाजून अकरा मिनिटं,” फिरोज म्हणाला.

सगळ्यात आधी मी फाइल सेव्ह केली. पाहुण्याने तसं सांगितल्यावर फिरोजने ‘या अल्ला’ म्हणून भिंतीला पाठ टेकली. मग खाली उतरत शेवटच्या रिकाम्या ओळीवर गेले. बडे बाबूंनी कागद वाचला, मी टाइप केलं. धामणा, दोन खेपा, टँकर नंबर चौदा, ड्रायव्हर उकंडराव.

“डॅमॅना,” पाहुणा म्हणाला.

“काय म्हन्ला थो?” बडे बाबूंनी विचारलं.

“धामणाच म्हणतोय. त्याची जीभ तिकडची आहे. आता छापू?”

“नाही.” बडे बाबू एकदम हेडक्लार्क झाले. “न पाहाता मी कागद साहेबापुढं ठेवत नाही. पस्तीस वर्सात नाही ठेवला. एक एक गाव वाचून दाखवा, मी कागदायवर ताळा घेतो. ब्याण्णव गावं हायेत.”

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला आनंद झाला. हा माणूस पहिल्यांदाच माझं काम तपासत होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईचं कोण काय तपासतो?

मग आमचं सुरू झालं. मी खालची किल्ली दाबायचे, पाहुणा त्याच्या जिभेने बोलायचा, मी ते वऱ्हाडीत आणायचे, आणि बडे बाबू कागदावर पेन्सिलीची खूण करायचे. कायरगॉन म्हटलं की मी म्हणायचे खैरगाव, एक खेप, टँकर तीन. बरोबर, बडे बाबू म्हणायचे. बोर्डावर पुंडलिकभाऊ बहुतेक फोनना “हॅलो, बाई कामात हायेत, मंग करा” एवढंच सांगून ठेवून देत होते. एकदा तर साहेबांच्या घरच्यांनाही त्यांनी तेच सांगितलं.

एक्केचाळिसाव्या ओळीला मी थांबले.

“सावरखेड. हे आधी एकदा येऊन गेलं, बडे बाबू. सतराव्या ओळीला. दोन्हीकडे दोन दोन खेपा आहेत. त्यांना दोनच मंजूर आहेत ना?”

कागद चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ.

“दोनच हायेत,” ते म्हणाले. “सतरावी ओळ तुमच्या ध्यानात राह्यली?”

“मला वर नजर टाकता येत नाही ना. ध्यानातच ठेवावं लागतं.”

“सॉरी ताई, माझी गलती,” फिरोज म्हणाला.

मी ती ओळ काढून टाकली. त्यानंतर बडे बाबूंनी नुसतं बरोबर म्हणणं सोडलं. “बरोबर हाये, चला पुढं,” असं म्हणायला लागले. फरक छोटा होता, पण मी कानाने जगणारी बाई आहे, मला तो लगेच कळला.

“किती वाजले?” साठाव्या ओळीला मी विचारलं.

“चार पस्तीस.”

मी वेग वाढवला. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, बोटं किल्ल्यांवरून घसरत होती. बाहेर ड्रायव्हर जमायला लागले होते. त्यांच्यातल्या कोणीतरी हॉर्न वाजवला. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. ब्याण्णवावी ओळ सावरखेड काढल्यावर आता धामण्याची होती. पाहुणा ‘डॅमॅ’ म्हणाला आणि गप्प झाला.

मी वरची किल्ली दाबली. खालची दाबली. काही नाही.

“काय झालं?” बडे बाबू.

“चाळीस मिनिटं झाली. आता तो बोलणार नाही.”

“पण छापाचं राह्यलं ना!”

“राहिलं आहे.”

फिरोज माझ्या मागे येऊन उभा राहिला. “ताई, आता तर तुम्हालाही काही समजणार नाही. सेव्ह करून बंद करू. पुन्हा चालू केला की बोलेल ना तो?”

“आणि पाठीमागे पाणी गेलेला कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला नाही तर? सेव्ह केलेली यादी त्याच्याच पोटात राहील. तू प्रिंटरजवळ जा. कागद सरळ आहे बघ.”

मी डोळे मिटले. मला त्याने काही फरक पडत नाही, पण विचार करताना मी मिटते. मी कुठे आहे? शेवटच्या ओळीत. अजून कोणती खिडकी उघडलेली नाही. छापायच्या दोन किल्ल्या दाबल्या की पडद्यावर चौकट येते, आणि त्या चौकटीत पहिलंच बटण हो म्हणण्याचं. महिनाभर मी त्या चौकटीपर्यंत रोज जाऊन परत आले होते, पण तेव्हा कानात आवाज असायचा. एक किल्ली चुकली असती तर कुठे जाऊन पडले असते ते मला कळलंही नसतं, आणि बडे बाबूंचं म्हणणं जन्मभरासाठी खरं ठरलं असतं.

सेव्ह केलं. छापायच्या किल्ल्या दाबल्या. मनात तीन अंक मोजले आणि एंटर मारला.

काहीच झालं नाही.

पुंडलिकभाऊंनी सुस्कारा टाकला. बडे बाबूंची खुर्ची करकरली. आणि मग कोपऱ्यात आमचा जुना प्रिंटर एकदा खोकला आणि खर्रर करत चालायला लागला.

“निघाली!” फिरोज ओरडला. “ताई, निघाली! धामणा शेवटी, टँकर नंबर चौदा!”

साहेब पाचला आले, उभ्या उभ्या सह्या केल्या आणि ड्रायव्हर निघून गेले. साहेबांना काही कळलंही नाही. बडे बाबू मला काही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त पुंडलिकभाऊंना माझ्यासाठी माठातलं पाणी आणायला सांगितलं. ऑफिस सुटेपर्यंत मी वाट पाहिली, मग काठी घेतली आणि घरी गेले. त्या रात्री मात्र पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बोर्ड वाजला.

“बाई, मी कौसल्याबाई बोलते. बडे बाबूले द्या.”

“देते.”

मी जोडून दिलं. दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. आणि ते दाबलं नाही.

“टँकर आला वो, बाबू!” कौसल्याबाई एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की फोनची गरजच नव्हती. “साडेसातले आला. पह्यली खेप विहिरीत टाकली. म्हाताऱ्या बाया बादल्या घेऊन पळाल्या पाहा! काल मी साडेचारले फोन केला तं तुमचा पुंडलिक म्हणे का कॉम्प्युटर जळला, यादीचं काही खरं नाही. माह्या तोंडचं पाणीच पळालं. मंग काढली कोनं यादी?”

बडे बाबूंचा श्वास मला ऐकू येत होता. मी माझा धरून ठेवला होता.

“आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडम हायेत ना,” ते म्हणाले. “इंगोले मॅडम. त्याइनं काढली.”

“नवीन आल्या काय?”

“नाही वो. सात वर्सांपासून हायेत. आमालेच दिसल्या नव्हत्या.”

मी बटण दाबलं आणि बाजूला झाले.

एक जूनला बोर्ड निघाला आणि मी फिरोजच्या शेजारच्या टेबलावर गेले. पुढची वीस वर्षं मी तिथून याद्या काढल्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकण्याचा गुन्हा मात्र नोकरीत तेवढा एकदाच केला, आणि त्याचा मला आजही काडीइतका पश्चात्ताप नाही.